माशाचे काटे आणि पितळेच्या टाचण्या

काही वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात हस्तकलांचं प्रदर्शन होतं. माझी भाची तिथं शिकत होती, म्हणून मी गेले. शिवणकामाची शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला असल्या ठिकाणी पुढच्या रांगेत बसवतात, तसं मलाही बसवलं. पुण्याहून आलेल्या एका अभ्यासक बाईंचं लेसच्या इतिहासावर व्याख्यान होतं. पडद्यावर एकेक चित्र येत होतं. पांढऱ्या टोप्या घातलेल्या परदेशी बायका मांडीवर उशी घेऊन बसलेल्या, उशीवर टाचण्यांचं रान आणि टाचण्यांमधून फिरणारा दोरा. बाई छान बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "त्या काळी टाचण्या फार महाग होत्या. त्यामुळे समुद्रकाठच्या गरीब बायका टाचण्यांऐवजी माशाचे काटे वापरायच्या, असं सांगतात. गरिबी माणसाला कल्पक बनवते ती अशी."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या प्राध्यापकांनी तर मान डोलावून वाजवल्या.

मी उभी राहिले. असं उभं राहायची मला सवय नाही. म्हटलं, "बाई, तुम्ही कधी माशाचा काटा उशीत टोचून बघितलाय का?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. आणि खरं सांगायचं तर ठोस पुरावाही नाही. काटे कुजून जातात, सापडणार कुठून? काही जणांचं म्हणणं असं, की त्या लेसला इंग्रजीत 'बोन लेस' म्हणायचे, त्या नावात 'हाड' आहे ते दोरा गुंडाळायच्या हाडाच्या कांड्यांमुळे. काट्यांची गोष्ट मागाहून कोणीतरी जोडली असेल."

उत्तर सरळ होतं. माझं भांडण त्यांच्याशी नव्हतंच. माझं डोकं फिरलं होतं ते टाळ्यांनी. मी खाली बसले, पण पुढचं व्याख्यान मला ऐकू आलं नाही. कारण मी टोचून बघितलाय. मी आणि माझ्या गावातल्या बायकांनी माशाच्या काट्यांवर लेस विणून बघितलीय, आणि ती आम्ही कल्पक होतो म्हणून नाही.

माझं सासर गेवराई तालुक्यात, उमापूरच्या पुढं. पुढचं सगळं ज्या दुष्काळात घडलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन तिथं आले. मॅट्रिक झालेली सून म्हणून माझं थोडं कौतुक होतं, ते पहिल्या पावसाळ्यातच संपलं, कारण तो पावसाळा आलाच नाही. दुसराही तसाच गेला. निम्मं गाव ऊस तोडायला पट्टीला, म्हणजे साखर कारखान्यांच्या मुलखात, गेलं ते परत यायचं नाव घेईना. राहिलेल्यातले पुरुष रोजगार हमीच्या खडीवर जायचे, बायका टँकरच्या मागं पळायच्या. ढोरं छावणीत बांधलेली. माझे मिस्टर छावणीतच मुक्कामाला असायचे आणि घरी मी आणि सासूबाई दोघीच. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं कमी आणि जे बोलायच्या ते तोडून.

त्याच वर्षी आमच्या गावात बायकांची सहकारी संस्था निघाली. लेस विणायची. दुष्काळी भागातल्या बायकांना घरबसल्या काम, असं त्याचं वर्णन. तालुक्याला कोणीतरी योजना आणली, आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या एका संचालकानं ती उचलली आणि आपल्या बायकोला अध्यक्ष केलं. कागदावर अध्यक्ष त्या बाई होत्या, पण अख्खं गाव चेअरमन म्हणायचं ते त्यांच्या नवऱ्याला. त्या बाईंना मी संस्थेत दोनदा पाहिलं. एकदा नारळ फोडताना आणि एकदा हळदीकुंकवाला.

सोसायटीच्या गोदामात वर्ग भरायचा. खताच्या पोत्यांचा वास तिथं कायमचा मुरलेला होता. शिकवायला दक्षिणेकडून एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, सावळ्या, नीटस, मराठी मोडकं. त्यांच्या गावाकडं पिढ्यान्‌पिढ्या ही लेस विणली जाते म्हणे. आम्ही त्यांना नुसतं बाईच म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला उशा करायला सांगितल्या. गोल, घट्ट, दगडासारख्या. आत काय भरायचं, तर कडब्याचं किंवा गव्हाच्या काडाचं बारीक भुस्काट. आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागलो. छावणीत पेंढीसाठी मारामाऱ्या चालल्या होत्या आणि आम्ही भुस्काट उशीत भरायचं. शेवटी गेवराईच्या लाकडाच्या वखारीतून भुसा आणला आणि तो ठोकून ठोकून भरला.

काम असं असतं. उशीवर जाड कागद बसवायचा. त्या कागदावर नक्षीची भोकं पाडलेली असतात. दोऱ्याच्या कांड्यांच्या जोड्या उशीवरून खाली लोंबतात. कांडीवर कांडी टाकायची, पीळ द्यायचा आणि जिथं दोरे एकमेकांना भेटतात तिथं त्या भोकात टाचणी रोवायची. टाचणी दोरा धरून ठेवते. ती हलली की वीण बिघडली. वीतभर लेसला टाचण्यांचं जंगल लागतं. पुढं काम सरकलं की मागच्या काढायच्या आणि पुढं लावायच्या. म्हणजे सगळा खेळ टाचणीचा. दोरा कुठंही मिळतो, कांड्या सुताराकडून करून घेता येतात. टाचणी मात्र बारीक, लांब, सरळ आणि गंज न धरणारी पाहिजे.

बाईंजवळ त्यांच्या स्वतःच्या पितळेच्या टाचण्या होत्या, लाल मखमलीच्या गादीत खोचलेल्या. त्या एका उशीपुरत्याच होत्या, म्हणून त्यांच्यावर आम्ही पाळीपाळीनं शिकलो. केसासारख्या बारीक, बोटाच्या दोन पेरांइतक्या लांब, डोकं मोहरीहून लहान. मला ते काम फार आवडायला लागलं. का ते सांगता येणार नाही. बाहेर नजर जाईल तिथं काळी भेगाळलेली जमीन आणि माझ्या मांडीवर पांढरं, धुवट, बारीक काहीतरी वाढतंय, याचं सुख होतं असेल. कांड्या एकमेकींवर आपटून टकटक आवाज करायच्या आणि तेवढ्या वेळात टँकरची आठवण यायची नाही.

शिकून झालं आणि खरं काम सुरू झालं तेव्हा टाचण्या आल्या त्या ऑफिसातल्या. कागदाला लावतात त्या, लोखंडी. बाईंनी हातात घेतल्या आणि बाजूला ठेवल्या. चेअरमनांचा माणूस म्हणाला, आत्ता यावर भागवा, पितळेच्या येतायत. आम्ही भागवलं. बीडचा उन्हाळा, वर पत्रे, घामानं निथळणारे हात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाचणीच्या मुळाशी पांढऱ्या दोऱ्यावर तांबडा ठिपका. पुण्याच्या व्यापाऱ्यानं पहिला माल परत पाठवला. माझी एक पट्टी होती त्यात, द्राक्षाच्या पानांची. ती धुऊन, लिंबू लावून, उन्हात घालून पाहिली. गंज गेला नाही.

बाईंनी सांगितलं, त्यांच्या गावाहून पितळेच्या टाचण्यांची पेटी संस्थेच्या नावानं केव्हाच निघालीय. त्यांच्याच भावानं ती एसटीच्या पार्सलात टाकली होती. आम्ही पाचसहाजणी चेअरमनांच्या घरी गेलो. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. भोवती माणसं.

"पेटी आली न्हाई," ते म्हणाले. "आली की देतो. मला काय टाचण्या खायच्यात?"

माणसं हसली.

"तवर काय करायचं?" आमच्यातली एकजण म्हणाली. "काम बंद पडलंय."

चेअरमनांनी तंबाखू मळता मळता सांगितलं, की परवा मुंबईहून एक पाहुण्या बाई कारखान्यावर आल्या होत्या. लई शिकलेल्या. त्यांनी सांगितलं की विलायतेत पूर्वी माशाच्या काट्यांवरच लेस विणायच्या. "आपल्या तळ्यात मासे मरून पडलेत. काटे फुकट हायेत. डोकं चालवा जरा. सहकार म्हंजे काय, सगळं सरकारनंच द्यावं असं हाय का?"

आमच्यात एक भोयाची सून होती. माझ्याच वयाची. लग्नही माझ्या मागंपुढंच झालेलं आणि गोदामात आम्ही शेजारी बसायचो, तिथंच मैत्री जमली. तिच्या घरच्यांची मासेमारांची सोसायटी होती, गावच्या पाझर तलावाचा ठेका त्यांच्याकडं होता. तलाव आटला, शेवटी गुडघाभर चिखलात मासे तोंडं वर काढून मेले आणि घर बसलं. तिचा सासरा रोज जाऊन त्या चिखलाकडं बघत बसायचा. चेअरमनांच्या घरून निघालो तशी ती वाटेत बोलली.

"आमचे मासे मेले तवा एक माणूस बघाया आला न्हाई. आता काटे पायजेत व्हय यांना."

"आपण न्हाई म्हणू," मी म्हटलं.

"न्हाई म्हणून काय करायचं? खडी फोडाया जायचं? तू जाशील. मला पाचवा महिना हाय."

म्हणून आम्ही काटे वापरले. कल्पकता वगैरे काही नाही.

तळ्याच्या कडेला वाळून कडक झालेल्या चिखलात मासे चिकटून बसले होते. आम्ही खुरप्यानं उकरून काढले. वास असा की डोक्याला पदर गुंडाळून तो नाकावरून घेतला तरी यायचा. मैत्रिणीला मी लांब बसवलं आणि एकेक तिच्यापुढं टाकत गेले. ती निवडायची. मी तोवर आयुष्यात मासा हातात धरला नव्हता. माशाला किती तऱ्हेचे काटे असतात हे मला तिथं कळलं. बरगडीचे सगळे वाकडे. अंगातले बारीक काटे टोकाला फाटलेले, दुबेळक्यासारखे. सरळ आणि ताठ म्हणावे असे फक्त पाठीवरच्या पंखातले, तेही चिलापी माशाचे. कटल्याचे मऊ पडायचे.

ते पापडखार घालून उकळायचे, घासायचे आणि सावलीत वाळवायचे. उकळायचे कुठं? माझ्या घरी तर शक्यच नव्हतं, म्हणून मैत्रिणीकडं उकळले. मी फक्त वाळलेले काटे कापडात बांधून उशीसकट घरी आणले, तर आत्यांनी दारातच अडवलं.

"काय हाय त्यात?"

मी खरं सांगितलं. त्यांनी उशी माझ्या हातातून घेतली आणि अंगणात टाकली. ओरडल्या नाहीत. "तुला काम पायजे ते कर. हे घरात न्हाई यायचं," एवढंच. पुढं मी गोदामातच बसून काम करायला लागले.

आता काट्यांचं. मी हे अगदी प्रामाणिकपणे सांगते, कारण आम्ही ते प्रामाणिकपणे करून बघितलं. बाईंनीही करून बघितलं. त्यांनी लहानपणी कोणाकडून तरी ऐकलं होतं की असं करतात, पण पाहिलं कधीच नव्हतं. काटा उशीत जातो. भोक आधी सुईनं मोठं करून घेतलं तर जातो. पण घट्ट भरलेल्या उशीत दाबला की मधेच वाकतो, आणि जास्त वाळलेला असला तर फुटतो. त्याला डोकं नसतं, त्यामुळे वर सरकलेला दोरा सुटून जातो. दोरा ओढला की काटा त्या बाजूला कलतो आणि नक्षीतलं भोक लांबट होतं. कितीही उकळला तरी आत तेल राहतंच, ते दोन दिवसांनी दोऱ्याला पिवळं करतं. काट्याला डोळ्यांना न दिसणारी कुसळं असतात, त्यात दोरा अडकून तुटतो. इतकं सगळं करून, निवडक काट्यांवर, जाड दोऱ्याची, साधी, सरळ कड विणता येते. आम्ही हातभर विणली. म्हणजे येते. विलायतेतल्या कोणा बाईनं तशी विणली असेलही. पण ती हसत विणत नव्हती, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन.

आणि काटा टोचतो. पितळेची टाचणी टोचली तर रक्ताचा थेंब येतो, बोट तोंडात घालायचं आणि पुढं जायचं. काट्याचं टोक आत मोडतं. आम्हा सगळ्यांची बोटं पिकली. मैत्रिणीच्या उजव्या अंगठ्यात एक टोक खोल गेलं. तिनं सुईनं उकरलं, हळद भरली, चिंधी बांधली आणि विणत राहिली. मी म्हटलं, थांब जरा. ती म्हणाली, एवढी पट्टी होऊ दे. मग अंगठा निळा पडला, हात कोपरापर्यंत टम्म सुजला आणि तिला ताप भरला.

तिचा नवरा तेव्हा कुठंतरी धरणावर मजुरीला होता. सासऱ्याला काही सुचेना. मी घरी जाऊन आत्यांना सांगितलं, मी तिच्याबरोबर अंबाजोगाईला चाललेय, मोठ्या दवाखान्यात. मला वाटलं अडवतील. त्यांनी डब्यात भाकरी बांधली, पितळी तांब्यात पाणी भरून दिलं आणि म्हणाल्या, "पोटुशी हाय ती. तू एकटी कशी न्हेशील? मी बी येते."

गेवराईहून बीड, बीडहून अंबाजोगाई. एसटीत तिचं डोकं आत्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरलं होतं. त्याच हातांनी काट्यांची उशी अंगणात फेकली होती. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी अंगठा बघितला आणि विचारलं, "कशानं झालं?" मैत्रीण म्हणाली, "माशाचा काटा." ते म्हणाले, "खाताना?" तिनं मान हलवली. पुढं सांगायचं तिला त्राण नव्हतं. मी सांगितलं. त्यांना वाटलं असेल मी वेडी आहे. हात वाचला, पोर वाचलं. अंगठ्याचं वरचं पेर काढावं लागलं.

आम्ही परत आलो तेव्हा गावाजवळच्या माळावर मांडव पडत होता. दुष्काळाची पाहणी करायला वरचे कोणी पाहुणे येणार होते आणि त्यांच्या हातून सहकारातल्या कामांचा गौरव होणार होता. आमच्या संस्थेतल्या सगळ्या बायकांना सारखी पातळं नेसून समोर बसायचा निरोप आला. मी जाणार नव्हते. आत्या म्हणाल्या, "चल. बघू तरी काय म्हणतेत."

मांडव मोठा होता. भगव्या-पांढऱ्या कापडाच्या झालरी, खांबांना गुंडाळलेलं कापड, स्टेजच्या मागं संस्थेचं नाव लिहिलेला पडदा आणि त्याच्या चारी कडांना आम्ही विणलेली लेस, गंजाच्या ठिपक्यांसकट. लांबून ते ठिपके दिसत नव्हते. दारात चेअरमनांची माणसं प्रत्येक पाहुण्याच्या छातीवर रेशमी फीत लावलेला बिल्ला टोचत होती. पिण्याच्या पाण्याचा एक अख्खा टँकर मांडवात शिंपडला होता. धूळ उडू नये म्हणून.

चेअरमन बोलायला उभे राहिले. म्हणाले, "आमच्या भगिनींची जिद्द बघा. टाचण्या न्हाईत म्हणून त्या रडत बसल्या न्हाईत. तळ्यातल्या मेलेल्या माशांचे काटे आणले आणि त्यांच्यावर लेस विणली. ह्याला म्हणतात सहकार."

टाळ्या. पाहुण्यांनी आमच्याकडं बघून हात जोडले.

मी पुढच्या रांगेत होते. चेअरमनांच्या कोटावर बिल्ला होता आणि त्याच्या फितीतून टाचणीचं टोक बाहेर आलेलं होतं. लांब, बारीक, पिवळं. मी शेजारी बघितलं. बाई आधीच त्याकडं बघत होत्या. मग त्यांनी मान वर करून मांडवाच्या झालरीकडं बघितलं, मीही बघितलं. झालरीच्या प्रत्येक चुणीत एकेक टाचणी. मोहरीहून लहान डोक्याची. खांबांवर, पडद्याच्या कडेला, खुर्च्यांच्या खोळींवर, सगळीकडं.

"आमच्या," बाई म्हणाल्या. मोडक्या मराठीत तेवढा एकच शब्द त्यांना सुचला.

त्या पेटीचं काय झालं ते पुढं कळलं. ती केव्हाच आली होती. कारखान्याच्या ऑफिसात पडून होती, मांडवाचं काम निघालं तेव्हा कोणीतरी उघडली. चांगल्या टाचण्या दिसल्या, वापरल्या. विकल्या नाहीत, लपवल्या नाहीत. चोरी केली असती तर निदान त्यांची किंमत कळली होती असं तरी म्हणता आलं असतं. त्यांच्या डोक्यात ती आमची वस्तू आहे हे आलंच नव्हतं. याचा राग मला चोरीपेक्षा जास्त आहे आणि तो अजून गेलेला नाही.

मी उठून स्टेजच्या पायऱ्या चढले. कोणाला वाटलं हार घालायला चाललीय. मी चेअरमनांच्या समोर उभी राहिले आणि त्यांच्या कोटावरची टाचणी ओढून काढली. बिल्ला खाली पडला.

"काय चाललंय?" ते हळूच म्हणाले. माईक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"ही आमची टाचणी हाय," मी म्हटलं. "तुमी म्हणलात आली न्हाई."

"टाचणी ती टाचणी. त्यात काय एवढं?"

हेही माईकवरून गेलं. मला मैत्रिणीचा बांधलेला हात आठवला. ती तेव्हा घरी पडून होती. तिच्याबद्दल मला काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात खालून आत्यांचा आवाज आला. त्या खुर्चीवरून उठल्या होत्या आणि हात वर करून झालरीतल्या टाचण्या काढत होत्या. एक काढायची, पदरात खोचायची, दुसरी काढायची. झालर मोकळी होऊन त्यांच्या खांद्यावर पडली. "चला गं," त्या म्हणाल्या, "आपलं हाय ते घ्या."

सगळ्या बायका उठल्या. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी कोणाला ढकललं नाही. खांबांवरचं कापड सुटलं, खुर्च्यांच्या खोळी गळल्या. दोघीजणी पाहुण्यांच्या रांगेतून गेल्या आणि "जरा थांबा सायेब" म्हणत एकेकाच्या छातीवरची टाचणी काढून घेत गेल्या. पाहुणे हनुवटी वर करून बसले, दाढी करून घेत असल्यासारखे. चेअरमनांचा एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "आडीव की बे त्यांना," आणि दुसरा जागचा हलला नाही. बाईंनी मागचा पडदा स्वतः सोडवला, लेस काढली, घडी घातली आणि पिशवीत टाकली. मुख्य पाहुणे मात्र शेवटपर्यंत मंद हसत होते. त्यांना वाटलं असेल हाही कार्यक्रमाचाच भाग आहे.

त्यानंतर आम्ही त्या टाचण्यांवर सुंदर काम केलं. पुण्याचा व्यापारी खूश झाला. पण हे फार दिवस चाललं नाही. काही महिन्यांत संस्थेची निवडणूक लागली आणि नवीन मंडळात सगळ्या चेअरमनांच्या नात्यातल्या बायका आल्या. त्यातल्या एकीलाही कांडी धरता येत नव्हती. बाईंना परत पाठवलं. गोदामाचं कुलूप बदललं, कारण खत ठेवायला जागा हवी होती. जाताना बाई आमच्या घरी येऊन गेल्या, आत्यांच्या पाया पडल्या. पुढच्या वर्षी पाऊस झाला, माणसं शेतात गेली, आणि लेसचं नाव कोणी काढलं नाही. चेअरमन पुढं बरेच मोठे झाले. मी बीडला शिवणकाम शिकवायला लागले ती लेसमुळंच, पण त्या उशीवरचं काम शिकवायला मला कुठल्याच शाळेनं जागा दिली नाही. ते अभ्यासक्रमात नव्हतं.

मैत्रिणीला मुलगी झाली. नवऱ्याबरोबर ती धरणाकडं राहायला गेली. अंगठा अर्धा असल्यामुळे तिला मासा साफ करताना सुरी नीट धरता यायची नाही, तरी ती बाजारात बसायची. मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडं गेले होते. नातीच्या मुलीचं बारसं होतं. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो आणि त्या मांडवाचा विषय निघाला. मी भडाभडा बोलायला लागले. ती ऐकत होती.

"तुला राग येत न्हाई का?" मी शेवटी विचारलं.

"येतो की," ती म्हणाली. "पर लोकं मला इचारतेत अंगठ्याला काय झालं, तवा मी म्हणते कोयता लागला. काटा म्हणलं की हसतेत."

इतकी वर्षं ती कोयता म्हणत आलीय आणि मला ते माहीत नव्हतं. तिच्या नातसुनेनं चहा आणला. मी तो घेतला आणि त्या पोरीला जवळ बसवून म्हटलं, "ऐक, तुझ्या आजीच्या अंगठ्याचं मी सांगते." मैत्रीण म्हणाली, जाऊ दे आता. मी थांबले नाही.